आधी मोज, मग तक्रार कर

तो मोबाइल खिशात घाल आणि नीट ऐक. टीव्हीवर मॅच अडकते म्हणून इंटरनेट कंपनीच्या पोराला फोनवर वाटेल ते बोललास. शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केलास. तरी गोल चक्र फिरतंच आहे, आणि आता मला विचारतोस, "सर, कंपनी बदलू का?" इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे ना तुझ्याकडे? मग या सगळ्या प्रकारात एक तरी मोजमाप घेतलंस का?

नाही घेतलंस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. तुझ्या घराच्या दारापर्यंत शंभर येत होतेच. म्हणजे दारापासून टीव्हीपर्यंत ते कुठेतरी गळतात, एवढं तरी सुचायला हवं होतं. राउटर कुठे ठेवलास? बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, वायरी दिसू नयेत म्हणून! रेडिओ लहरींना लोखंड अडवतं, हे मी तुला फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. कपाटाच्या पुढे दोन भिंती, त्यापलीकडे हॉल, आणि हॉलच्या टोकाला टीव्ही. प्लॅन हजाराचा केलास तरी कपाटाचं दार तेच राहणार.

टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर, हेही तुला सांगता येत नाही. २.४ भिंतींतून जास्त चांगला जातो, पण तिथे गर्दी भयंकर. तुझ्या इमारतीतले सगळे राउटर त्यावर, ब्लूटूथ त्यावर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा त्याच्याच आसपास. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला मोकळी जागा जास्त, वेगही जास्त, पण भिंत आली की तो लवकर दमतो. दोन्ही बँडना एकच नाव दिलंस, तर टीव्ही कशाला चिकटून बसलाय ते तुला कळायचं कसं? नावं वेगळी कर.

आणि तो रिपीटर! टीव्हीच्या मागच्या प्लगमध्ये खोचलास. जिथे सिग्नल पोचतच नाही, तिथे बसून तो पुढे काय पाठवणार? तो वाटेत, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे लावायचा असतो. त्यातून एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा स्वस्तातला रिपीटर वेग जवळपास निम्मा खाऊन टाकतो. विकत घेण्याआधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

सिनेमा चालतो आणि मॅचच अडकते, याचं तुला नवल वाटतं. सिनेमाचा पुढचा बराच भाग टीव्ही आधीच साठवून ठेवतो. थेट प्रक्षेपणात साठवायला पुढचं फारसं काही नसतं, त्यामुळे सिग्नल क्षणभर डळमळला की चित्र थांबतं. यात कंपनीचा काय दोष?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगू? फोनवरचा तो पोरगा तुझ्याच वयाचा असेल. त्याची चूक आहे की नाही हे न तपासता तू त्याला झोडपलंस. न मोजता दोष देणारा माणूस उद्या कारखान्यातही तेच करणार, आणि त्याच्या हाताखालचे लोक ते भोगणार.

आता घरी जा. राउटर कपाटातून बाहेर काढ आणि उंचावर, मोकळ्यावर ठेव. पिवळी फायबरची वायर कुठे चिमटली किंवा दुमडली तर नाही ना, ते बघ. राउटरला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोज, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा. मग टीव्हीजवळ उभं राहून वायफायवर मोज. शेवटी लांब केबल आणून टीव्ही थेट राउटरला जोड. टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असला तरी मॅचला तो भरपूर. केबलवर चित्र सुरळीत चाललं, तर दोष तुझ्या घरातल्या वायफायचा. लॅपटॉपलाच केबलवर वेग मिळेना किंवा राउटरवर लाल दिवा लागला, तर मात्र कंपनीला खुशाल फोन कर, आणि आकडे सांगून बोल.

ते आकडे वेळेसकट वहीत लिही आणि वही घेऊन ये. त्याशिवाय या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही.