एकेचाळिसावे घर

फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, त्या आठवड्यात आम्ही सातवीच्या वर्गात चंद्याचा डबा फिरवला. मुलांनी खाऊचे पैसे टाकले. मग 'हमसाया', म्हणजे शेजारी, या विषयावर थोडे बोललो. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो तो मोमिन नव्हे, या अर्थाचे पैगंबर साहेबांचे वचन सांगितले. शेजार कुठपर्यंत मानायचा, तर चारही दिशांना चाळीस घरे, असे एक जुने मत आहे, तेही सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील धडगावच्या रस्त्यावर जीप चालवतात. म्हणाला, "सर, एकतालीसवें घरवाला भूका रहा तो चलता क्या?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो.

पण प्रश्न सुटला नाही. तुर्कस्तान काही आमच्या चाळीस घरांत येत नाही, तरी डबा फिरला, आणि तो फिरायलाच हवा होता. याचा अर्थ अंतराची अट आम्ही केव्हाच ओलांडली आहे. मग धडगावसाठी आम्ही डबा का फिरवला नाही?

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दहातील सुमारे सात माणसे आदिवासी आहेत. आपली वस्ती मुख्यतः नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा अशा शहरांत आणि बाजारगावांत. अक्कलकुव्याचे नाव वाचकांना तेथील जामियामुळे ठाऊक असेल. पण त्याच अक्कलकुव्याहून मोलगीकडे जो रस्ता चढतो, त्याच्या आजूबाजूच्या पाड्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणतात. लोक तिला 'बांबूलन्स' म्हणतात. हा विनोद त्यांचा आहे, आपण त्यावर हसू नये. सप्टेंबर 2021 मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली, तेव्हा एका नवऱ्याने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. ती वाटेतच गेली. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्राची जी 33 गावे बाधित झाली, ती याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिकडे आजही काही पाड्यांवर होडीनेच जावे लागते. 2020 च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्ही मारत बाळांचा आहार पोहोचवत होत्या.

हे सारे वर्तमानपत्रात येते. आम्ही वाचतो, चहा पितो आणि शाळेत जातो. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण आपण दुसऱ्याच्या निष्ठुरपणावर वापरतो, पण ती आम्हालाच लागू आहे.

नवापूरची गोष्ट आठवा. फेब्रुवारी 2006 मध्ये तेथील पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच लागण. काही दिवसांत पथके आली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, देशभर नवापूरचे नाव झाले. जे केले ते आवश्यकच होते. त्या धंद्यात आपलेही भाऊ बुडाले. पण त्याआधी पाचच वर्षे, 2001 मध्ये, 'कोवळी पानगळ' हा डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा बालमृत्यूंवरील अहवाल निघाला होता. त्याची चर्चा झाली, समित्या झाल्या, पण तशी धावपळ झाली नाही. कोंबडीचा रोग आपल्या ताटापर्यंत येऊ शकत होता. भुकेची लागण होत नाही.

आम्ही हा विषय शिक्षकांच्या खोलीत काढला. कोणी म्हणाले, हे सरकारचे काम. खरे आहे, रस्ता आणि डॉक्टर चंद्यातून येत नाहीत. पण भूकंपातही सरकार असतेच. कोणी म्हणाले, त्यांना सवय असते. हे उत्तर आम्हाला सर्वात वाईट वाटले, कारण काही वर्षांपूर्वी तेच आमच्या तोंडून निघाले होते. सवय असती तर होळीला ती माणसे ऊसतोडीवरून, गुजरातेतून एवढा खर्च करून घरी का आली असती? त्यांनाही आपल्यासारखेच सण, लग्ने, रुसवेफुगवे आहेत. तिसरे उत्तर धर्माचे होते: जकात आपल्या गरजूंसाठी आहे. बहुतेक उलमांचे मत तसेच आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण ऐच्छिक सदक्याला अशी अट नाही. आणि शेजाऱ्याचा हक्क सांगताना त्याचा धर्म विचारायचा, हे आम्हाला तरी कोणी शिकवलेले नाही. शहरात दंगल उसळली की शेजारच्या घराने आपल्यासाठी दार उघडावे, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. त्या घराने तेव्हा चाळीसपर्यंत मोजत बसू नये, असेच आपण म्हणू.

शिवाय हा शेजार आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच आलेला आहे. आमच्या डाळीतला आमचूर धडगावकडचा. मिरचीचे देठ पथारीवर बसून खुडणाऱ्या बायका बहुतेक आदिवासीच.

त्या मुलाला मात्र उत्तर देणे होते. एका रविवारी त्याला बरोबर घेऊन आम्ही आमच्या दारापासून गावाबाहेरच्या दिशेने घरे मोजत निघालो. सत्तावीस झाली आणि पक्की घरे संपली. पुढे मिरचीची पथारी, नजर पोहोचेल तिथवर लाल. कडेला हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबांची प्लास्टिकची पाले, आणि दोन खुंट्यांना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत एक मूल झोपलेले. पालांना घर धरायचे की नाही, हे आम्हाला ठरवता येईना. मुलगा थांबला नाही. बोट पुढे करून तो मोजत राहिला, "अठ्ठाईस, उनतीस, तीस..."