उष्टावणानंतरचा रविवार

मुलीचं उष्टावण झालं त्याच आठवड्यात माझी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट संपली, पण ती मला कुणी सांगितली नव्हती. चांदीच्या वाटीतून खीर भरवली, फोटो काढले, सासूबाईंनी दृष्ट काढली. इतक्या बायका घरात होत्या, पण एकीनंही म्हटलं नाही की बाई, आजपासून तुझं दूध तुला सांभाळणार नाही.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, आईची पाळी परत आलेली नसेल आणि बाळ दिवसरात्र जवळजवळ फक्त अंगावरच पीत असेल, तर दूध पाजणं हेच सुमारे ९८ टक्के परिणामकारक गर्भनिरोधक असतं. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ गावी तज्ज्ञांची एक बैठक झाली, तिथे हे मांडलं गेलं. मात्र तिन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. त्यांच्यामध्ये 'आणि' आहे, 'किंवा' नाही. रोज कोडमध्ये अशाच अटी लिहिणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते घराघरात चालणारं अर्धवट व्हर्जन: 'पाळी आली नाही ना, मग काही भीती नाही.' पण अंडं आधी येतं आणि पाळी नंतर. पहिल्या पाळीची वाट बघत बसलेल्या बाईला कधीकधी पाळीऐवजी थेट दुसरी बातमीच कळते.

शनिवारी रात्री कंडोम फाटला.

रविवारी सकाळी नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला. इमर्जन्सी गोळी मागितली आणि सोबत डायपरचं पाकीटही घेतलं. डायपर बघून दुकानदारानं विचारलं, "बाळ अंगावर पितं का? मग ही नका देऊ दादा. डॉक्टरांना विचारा." नवरा फक्त डायपर घेऊन घरी आला. मी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मॅडम आज नाहीत, उद्या ओपीडीत या, तोवर काही घेऊ नका. मग मावसबहिणीला फोन केला, तिला दोन मुलं आहेत. ती म्हणाली, "अगं, एवढी रिस्क कशाला? आधी बाळाचं बघ."

तीन माणसं आणि तिघांचं उत्तर एकच, 'नको'. तिघांच्याही बोलण्यात काळजी होती, हे खरं. तरी फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला. हे 'नको' नेमकं कुणाला सुरक्षित ठेवतंय?

आपण धरूनच चालतो की काही न करणं म्हणजे जागच्या जागी उभं राहणं. गोळी घेतली तर मी काहीतरी केलं, घेतली नाही तर काहीच केलं नाही. पण ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, आणि जितकी लवकर तितकी ती जास्त उपयोगाची. ती मुख्यतः अंडं बाहेर पडणं लांबवते. अंडं एकदा बाहेर पडलं की तिचा फारसा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. म्हणजे 'उद्या विचारू' हाही एक निर्णयच होता, फक्त त्यावर कुणाची सही नव्हती.

दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही बघू. माझं सिझेरियन झालं होतं. टाक्यांची जागा अजून थंडीत ठणकायची. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर ठेवा असं सरकारी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियननंतर फार लवकर दिवस गेले तर जुन्या टाक्यावर गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याच्या 'नको'मध्ये या सगळ्याचा हिशोब कुठेच नव्हता. 'बाळाचं बघ' म्हणणाऱ्या ताईच्या डोळ्यांसमोरही एकच बाळ होतं. त्या बाळाची आई चौदा-पंधरा महिन्यांत दुसऱ्यांदा ऑपरेशन टेबलावर असेल, हे तिला दिसत नव्हतं.

मेडिकलवाल्याला मी दोष देत नाही. तो 'हो' म्हणाला आणि पुढे बाळाला साधा जुलाब जरी झाला, तरी आम्ही त्याच्याच दुकानासमोर जाऊन उभे राहिलो असतो. 'नको' म्हटल्यामुळे मला दिवस गेले असते, तर त्याच्याकडे कुणीच गेलं नसतं. 'हो'चा हिशोब द्यावा लागतो, 'नको'चा कुणी मागत नाही. आमच्या ऑफिसातही शुक्रवारी संध्याकाळी कुणी रिलीजला हात लावत नाही, आणि तेही शहाणपणाचंच असतं. पण सर्व्हर आधीच पेटलेला असताना 'आज शुक्रवार आहे' म्हणणाऱ्याला आम्ही सावध म्हणत नाही.

मग मी स्वतःच वाचायला बसले. मुलगी मांडीवर, फोन एका हातात. लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. गर्भनिरोधकं कुणी वापरावीत याचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेत. त्यांत स्तनपान करणाऱ्या बाईसाठी ही गोळी पहिल्या गटात आहे, म्हणजे वापरावर कोणतंही बंधन नाही. दुधात तिचा अंश उतरतो, पण अगदी थोडा. युलिप्रिस्टल नावाची वेगळी गोळी आहे, तिच्याबाबत मात्र आठवडाभर दूध काढून टाकून द्यायला सांगतात. दुकानदाराच्या मनात बहुधा हे सगळं एकाच डब्यात पडलं असावं.

एक गोष्ट मात्र अडली. युरोपातल्या काही माहितीपत्रकांत लिहिलंय की बाळाला पाजून लगेच गोळी घ्या आणि नंतर आठ तास पाजू नका. एक म्हणतो बंधन नाही, दुसरा म्हणतो आठ तास. आठ तासांमागचा विचार एवढाच, की औषधाचं प्रमाण सर्वांत जास्त असतं तो काळ टळावा. बाळाला इजा झाल्याचा पुरावा त्यामागे नाही. हे मला समजलं होतं, पण मनाला पटायला वेळ लागला.

कारण सहा महिन्यांत माझं दूध माझं राहिलंच नव्हतं. त्यावर सगळ्यांचा हक्क होता. अळीव खा, डिंकाचे लाडू खा, शेपू खा, हरभऱ्याची डाळ नको, वांगं नको, बाळाला वारा धरेल. शेजारच्या काकूंनीही लिफ्टमध्ये विचारलं होतं, "पुरतंय ना गं?" या पहाऱ्यात वाढलेल्या दुधात मी माझ्या मर्जीनं, माझ्या शरीरासाठी काहीतरी मिसळणार होते. खरी अडचण औषधाची नव्हती, 'माझ्यासाठी' या शब्दाची होती. (नवऱ्याला त्या दिवशी कुणीही म्हटलं नाही की बाळाचं बघ. त्यानं तर डायपर आणले होते!)

नवरा दुसऱ्या मेडिकलमध्ये गेला. या वेळी डायपर न घेता. मुलीला पोटभर पाजलं आणि दुपारी सव्वाबारा वाजता गोळी घेतली. आठ तास थांबायचं ठरवलं होतं, फ्रीजरमध्ये काढून ठेवलेलं दूध होतं. तीन तासांनी ती बाटली तोंडात घेईना, रडून लालबुंद झाली. मी तिला जवळ घेतलं. तेव्हा खूप अपराधी वाटलं हे खोटं कशाला बोलू? पण अपराधी वाटतंय म्हणजे अपराध घडलाय असं नसतं, हे मला त्या दुपारी, ती पिता पिता झोपली तेव्हा, पहिल्यांदा कळलं. सोमवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग पुढचं काय ठरवलंय? तांबी बसवायची का?" तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर तीही इमर्जन्सी उपाय म्हणून चालते, हेही तेव्हाच कळलं.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांची कॉलेजातली प्राध्यापकी गेली. पुढे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवताना ते वाचकांच्या प्रश्नांना थेट उत्तरं देत राहिले. तेव्हा माहिती द्यायला माणसं घाबरायची कारण लोक अश्लील म्हणतील. आता अश्लील कुणी म्हणत नाही, आता सगळे 'सेफ साइड' म्हणतात. विचारणाऱ्या बाईच्या हाती मात्र तेव्हाही काही पडत नव्हतं, आताही पडत नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजातल्या मैत्रिणीचा रात्री साडेअकराला मेसेज आला. बाळ पाच महिन्यांचं, पाळी एकदा येऊन गेलेली, आणि काल रात्री गडबड झाली. मी तिला सगळं लिहिलं. कुठली गोळी, किती तास, कुठली घ्यायची नाही, दूध बंद करायची गरज का नाही. मोठा मेसेज झाला. पाठवण्याआधी पुन्हा वाचला, तर शेवटी मीच लिहून ठेवलं होतं, 'तरी एकदा डॉक्टरांना विचार हं.' हे तिच्यासाठी लिहिलं की माझ्यासाठी, याचा विचार करत थोडा वेळ बसले. मग ते वाक्य तसंच ठेवलं, त्याच्या आधी 'गोळी आत्ताच घे, आणि सोमवारी' एवढं जोडलं, माझ्या डॉक्टरांच्या क्लिनिकचा नंबर टाकला आणि पाठवून दिलं.