कमानीचे भाडे

एखाद्या जागेचे मोल वाढते ते कोणाच्या श्रमामुळे, आणि त्या वाढीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. लंडनच्या बर्मंडसी भागातील रेल्वेच्या कमानींखाली तो नव्याने उभा राहिला आहे.

लंडन-ग्रीनिच हा त्या शहरातील पहिला लोहमार्ग. 1836 साली सुरू झालेला हा मार्ग विटांच्या आठशेहून अधिक कमानींवर उभारलेला आहे. वर गाड्या धावतात. खाली अंधारे, दमट गाळे. भाडे कमी म्हणून गॅरेजवाले, सुतार, गोदामवाले तेथे येत. 2009 साली ‘द कर्नल’ ही लहानशी ब्रुअरी तेथे सुरू झाली आणि तिच्या मागोमाग इतरही आल्या. आता शनिवारी लोक एका कमानीतून दुसऱ्या कमानीत जातात. त्या वाटेला ‘बिअर माइल’ असे नावच पडले आहे. येथील टॅपरूम म्हणजे झगमगता बार नव्हे. पोलादी टाक्यांशेजारी बाके मांडलेली असतात आणि जेथे बिअर तयार होते तेथेच ती पेल्यात मिळते. मधल्या विक्रेत्याचा वाटा वाचतो, आणि त्या चार पैशांचा भाड्याला मोठा आधार होतो.

2018 साली ‘नेटवर्क रेल’ या सार्वजनिक संस्थेने असे सुमारे 5,200 गाळे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने 1.46 अब्ज पौंडांस खासगी गुंतवणूकदारांना देण्याचे ठरविले. 2019च्या आरंभी व्यवहार पुरा झाला. त्याआधीच भाडी झपाट्याने वाढू लागली होती आणि भाडेकऱ्यांनी आपली संघटना उभारली होती.

मालकाची बाजू अगदीच पोकळ नाही. बाजारात अधिक भाडे मिळत असेल तर त्याने कमी का घ्यावे? शिवाय भाडे गोठविणे म्हणजे न्याय नव्हे, हे मुंबईकरांना सांगावयास नको. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर बांधली गेली. मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती खचत गेल्या. अखेर 1999च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली.

भाडेकरूही सारे श्रेय घेऊ शकत नाही. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने 1879 साली असे प्रतिपादन केले की, जमिनीच्या मोलाची वाढ सबंध समाजाच्या वाटचालीतून होते. कमानीचे मोल ब्रुअरीने वाढविले, तसेच शेजारच्या पाववाल्याने, गिऱ्हाइकाने आणि शहरानेही वाढविले. मग ती वाढ एकट्या मालकाची कशी?

येथे एक भेद लक्षात घ्यावा. वाढीतला वाटा मागणे वेगळे आणि अडलेल्याला पिळणे वेगळे. ब्रुअरी म्हणजे उचलून नेण्याजोगे टेबल नव्हे. जमिनीत निचऱ्याच्या नाल्या खोदलेल्या, टाक्या पक्क्या बसविलेल्या, गिऱ्हाईक त्याच दाराशी जडलेले. हा माणूस सहजासहजी जाऊ शकणार नाही, हे जाणून जो भाडे चढवितो, तो जागेचा मोबदला घेत नाही; तो दुसऱ्याच्या असहायतेची किंमत वसूल करतो. भाडेकरू मोकळेपणी निघून जाऊ शकला असता, तर त्याने हा दर मान्य केला असता काय? न्याय्य भाड्याची कसोटी मला ही दिसते. करार लांब मुदतीचा असावा, वाढीचा दर आधीच ठरलेला असावा आणि जागा सोडावयाची झाल्यास पुरेसा अवधी मिळावा. या तीन गोष्टींनी मालकाचे फारसे बुडत नाही; भाडेकऱ्याची भीती मात्र पुष्कळ ओसरते.

हा प्रश्न केवळ परदेशातील बड्या गुंतवणूकदारांचा नाही. आपल्यापैकी कित्येकांनी एखादी खोली, एखादा गाळा भाड्याने दिलेला असतो. तेथे कोणाचे शिवणयंत्र चालते, कोणाची भट्टी पेटते. पुढचा करार करताना आपण बाजारभाव विचारतोच. समोरच्याला नाही म्हणण्याची मुभा आहे काय, हेही विचारावे.