पैचा हिशेब आणि कावड

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या खतावण्या तपासण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटेना, म्हणून आता रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की जिन्याखाली जाऊन मीटरचा आकडा वहीत उतरवते. सिडकोतल्या आमच्या घरात या वहीला ‘आईची पोथी’ म्हणतात. म्हणोत.

आमच्या खात्याचे खरे दैवत संत एकनाथ, म्हणजे नाथमहाराजच. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत असताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून त्यांनी दिव्यापाशी रात्र काढली आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट इकडे प्रत्येकाला लहानपणी ऐकवतात. हेच चित्त देवाकडे लावलंस तर, असं काहीसं स्वामी त्यावर म्हणाले म्हणे. मला मात्र नोकरीत असताना या गोष्टीवर एक आक्षेप काढावासा वाटायचा. एका पैसाठी रात्रभर तेल जाळलं, ते कुठल्या खर्चात दाखवायचं? तेलाला पैहून जास्तच लागले असणार!

आक्षेप मागे घ्यायला मला ही वही लागली. त्याआधी कित्येक वर्षं मी घरभर दिवे मालवत हिंडत असे. कोणी खोलीतून उठलं की बटण बंद, वर चार शब्द. वहीत आकडे साठल्यावर एका रविवारी मांडणी करून पाहिली. अठरा लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेवर पंचावन्न तास चालतो. म्हणजे मुलांच्या अभ्यासाच्या दिव्यावरून मी ओरडत होते आणि सकाळी स्वतः दोन बादल्या कढत पाण्याने अंघोळ करत होते. चूक भलत्याच खात्यात शोधत होते मी. खर्च किती झाला यापेक्षा तो कशावर झाला हे कळणं महत्त्वाचं, आणि ते कळेपर्यंत झोप येऊ नये, एवढ्यासाठी नाथांनी तेल जाळलं असावं.

मग थोडे बदल केले. गीझरचं तापमान उतरवलं, एक बादली कमी केली. एप्रिल-मेमध्ये गीझर लावायचाच नाही, कारण आमच्या संभाजीनगरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चारला हात पोळवतं. जुना पंचाहत्तर वॉटचा पंखा काढून तीसच्या आतला बसवला. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे वाळ्याचा कूलर अजून काम देतो. एसी सुनेच्या खोलीत आहे, तो चोवीसवर असतो. तिथे मी बोलत नाही.

खरा वाद झाला तो टाकीवरून. नळाला पाणी यायचा दिवस होता. मोटार चालू राहिली आणि टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं. मी बोलले, तर मुलगा म्हणाला, “आई, बिल आपण भरतो, पाणीपट्टी आपण भरतो. मग कोणाचं काय गेलं?”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पाप-पुण्य सांगून त्याला पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर हिशेबाच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. पावती होती. पैसे भरले की खातं बंद.

पण पाणी येतं पैठणहून, जायकवाडीच्या त्या जलाशयाला नावच नाथसागर. त्याची पूर्ण भरल्यावरची पातळी १५२२ फूट, आणि शहर त्याहून सुमारे शंभर मीटर उंच. हजार लिटर पाणी तेवढं उचलायचं तर पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट वेगळी. वीज करायलाही पाणी लागतंच. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

त्याच पैठणात, त्याच गोदावरीचं पाणी नाथांच्या घरी श्रीखंड्या कावडीने भरत असे. बारा वर्षं. तो कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. द्वारकेहून एक ब्राह्मण शोधत आला तेव्हा उलगडा झाला की श्रीखंड्या म्हणजे प्रत्यक्ष कृष्ण, आणि तोवर तो निघून गेला होता. नाथषष्ठीच्या सुमारास त्या वाड्यातला रांजण आजही भाविक भरतात. मी यंदा दोन कळश्या ओतल्या. दुसऱ्या कळशीला खांदा भरून आला.

घरी आल्यावर मुलाला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. “म्हणजे नाथांनाही कळलं नाही? ज्यांना एक पै चुकलेली सापडली, त्यांना?”

“नाही कळलं.”

वहीत आता पाण्याचा एक रकाना आखला आहे. त्याचा मीटर आमच्या जिन्याखाली नाही, म्हणून तो अंदाजाने भरते. आयुष्यभर अंदाजे आकड्यांवर लाल पेन्सिल फिरवली, आणि आता हे.