'माझं' सोडलं, घर नाही

घर सोडणं म्हणजे वैराग्य आणि घरात जीव गुंतणं म्हणजे आसक्ती, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. वाईच्या परिसरातल्या जुन्या वाड्यांची मोजमापं घेऊन नकाशे काढणं हे माझं काम, त्यामुळे हे खरं का, हा प्रश्न मला सारखा गाठतो. मालक म्हणतात, "अहो, लाकूडमातीत जीव कशाला अडकवायचा?" आणि बोलता बोलता सागवानी खांबाच्या तळखड्यावरची धूळ हातानंच पुसतात.

जेम्स लीस-मिल्न (१९०८–१९९७) या इंग्रज स्थापत्य-इतिहासकाराचं आयुष्य वाचताना मला या कोड्याची उकल दिसू लागली. १९३४ साली तो कॅथलिक झाला, पुढे पुन्हा अँग्लिकन चर्चकडे वळला. जुन्या वास्तूंवरची त्याची निष्ठा मात्र ढळली नाही. १९३६ साली तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या नोकरीत लागला. करांनी बेजार झालेले जमीनदार तेव्हा घरं विकत होते, पाडत होते. त्यांच्याकडे जाऊन बसायचं आणि घर ट्रस्टला देण्याविषयी बोलायचं, हे त्याचं काम. १९३७ च्या कायद्यानं मार्ग मोकळा केला: मालकी ट्रस्टची, राहतं मात्र कुटुंबच.

अशाच घरांपैकी एक विल्टशरमधलं स्टाउरहेड. १९०२ साली घराचा मधला भाग जळाला. सर हेन्री होर यांनी तो पुन्हा उभारला. त्यांचा एकुलता एक मुलगा हॅरी १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या जखमांनी गेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं सर हेन्री आणि त्यांची पत्नी या म्हाताऱ्या जोडप्यानं घर राखलं. १९४६ साली वास्तू, बाग, तळं, काठावरची देवळं, सारं ट्रस्टच्या स्वाधीन केलं. पुढच्या मार्चमध्ये दोघंही एकाच दिवशी वारले.

मुलगा परतणार नाही हे ठाऊक असताना घर कशासाठी राखायचं? 'त्यागून उपभोग घे, लोभ धरू नकोस' असं सांगणारा ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र मला इथे जगलेला दिसतो. हक्क गेला, माया राहिली. आपण ही दोन्ही एकच धरतो, म्हणून गळणारं माळवद तसंच ठेवणारी बेपर्वाई वैराग्य म्हणून खपून जाते. मुलीच्या लग्नासाठी ज्याला वाडा विकावा लागतो, त्याला मी कधी बोल लावणार नाही. पण 'सगळं नश्वरच आहे' असं म्हणून कौलं न फिरवणाऱ्याशी माझं भांडण आहे.

उतारवयात लीस-मिल्न चरित्रं लिहू लागला. इंग्रज लेखक विल्यम बेकफर्डचं चरित्र १९७६ साली आलं. या बेकफर्डनं बांधलेला फॉन्टहिल इथल्या हवेलीचा प्रचंड मनोरा, त्यानं तो विकल्यावर, १८२५ साली कोसळला. बाथमधल्या ज्या घरात एकेकाळी बेकफर्डचा ग्रंथसंग्रह होता, तिथेच लीस-मिल्न राहत होता. दगडांकडून माणसांकडे जाणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. कोण राहिलं, कोण गेलं हे विसरलं, तर उरते ती नुसती बांधणी. म्हणून हल्ली नकाशावर माजघर, सोपा, देवघर लिहून झालं की मी घरातल्या आजींना विचारतो, बाळंतिणीची खोली कोणती होती? तेही त्याच कागदावर लिहितो.