मृतसाठा

आमच्या गोठ्यात आता जनावरं नाहीत, ११ वॉशिंग मशिनं आहेत. त्यातली चार चालतात, पाच अर्धवट चालतात आणि दोन कायमची गप्प आहेत. करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या आमच्या गावात कुणी जुन्या राजदूत किंवा येझदी गोळा केल्या असत्या तर पोरांनी त्यांच्यापुढं उभं राहून रील काढल्या असत्या. वॉशिंग मशीन म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "विकायची हायेत का?"

विकायची नाहीत म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग कशापायी ठेवलीत?" याला माझ्याकडं बरी उत्तरं आहेत. अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे, आणि तो मला एकाच बाईनं विचारला. त्याकडं यायच्या आधी मी नेमकं काय गोळा करतो ते सांगायला हवं.

मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. धरणाचं पाणी उतरायला लागलं की शेतकरी आपापल्या मोटारी, केबल आणि पाइप घेऊन पाण्याच्या मागं मागं सरकतात, आणि त्या सरकवासरकवीत जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. त्यामुळं यंत्र उघडून बघायची खोड आहेच. सेमी-ऑटोमॅटिकचा टायमर उघडला तर आत स्प्रिंग आणि दातेरी चाकं दिसतात. जुन्या परदेशी ऑटोमॅटिक मशिनांत एक बारकी मोटार खाचांची चकती फिरवायची आणि त्या खाचांवर संपर्क उघडत-मिटत जायचे. पाणी कधी घ्यायचं, ढवळायचं किती, सोडायचं कधी, सगळं त्या खाचांत कोरलेलं असायचं. सातवी शिकलेल्या माणसानंही चकती हातात घेऊन फिरवली तर धुण्याची अख्खी गोष्ट त्याला वाचता येईल.

मी गोळा करतो ती याच्या पुढची मशिनं, ज्यांच्यात चकती जाऊन चिप आली. जर्मनीच्या मिले कंपनीनं १९७८ मध्ये मायक्रोकॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आणली. १९९० मध्ये जपानच्या मात्सुशितानं 'फझी' मशीन काढलं. फझी लॉजिकचं गणित लोत्फी झादे या प्राध्यापकानं १९६५ मध्ये मांडलं होतं. एखादी गोष्ट 'आहे' किंवा 'नाही' एवढंच न म्हणता 'थोडीशी आहे', 'बऱ्यापैकी आहे' असंही गणितात म्हणता यावं, हा त्याचा गाभा. मात्सुशिताच्या मशिनात पाण्यातून प्रकाश सोडून पलीकडं किती पोचतो ते मोजायची सोय होती, म्हणजे कपडे किती मळलेत त्याचा मशीनच अंदाज घ्यायचं. नाव काय ठेवलं होतं त्यांनी? 'आइसाइगो'. अर्थ साधारण 'लाडकी बायको'. तीस-पस्तीस वर्षांनंतर गोठ्यात बसून हे वाचताना मला हसावं की नाही ते कळलं नव्हतं.

नव्वदीत 'फझी लॉजिक' ही अक्षरं आपल्याकडच्या मशिनांच्या झाकणावरही झळकायला लागली. माझ्याकडच्या एकातही तो प्रकाशाचा डोळा नाही. ती फक्त कपड्यांचा भार ओळखतात: मोटार जराशी फिरवायची, वीज तोडायची आणि ती किती लवकर थांबते ते मोजायचं. साडी असेल तर फिरत राहते, सोलापुरी चादर असेल तर जागच्या जागी थबकते. डोळा नाही ते बरंच आहे म्हणा. पावसाळ्यात आमच्या नळाला येणारं पाणी पाहून त्या जपानी मशिनानं कपडे पडायच्या आधीच हात टेकले असते. पुण्या-पिंपरीतल्या घराघरांतलं धुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. आमच्याकडं मशिनं पोचायच्या कितीतरी आधी त्यांचा फेस पोचला होता.

ड्रायरबद्दल बाहेरचे लोक विचारतात. आमच्याकडं ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकमधला कपडे पिळायचा हौद. गरम हवेनं कपडे वाळवणारं खरं ड्रायर मी पुण्याच्या जुन्या बाजारात एकदाच पाहिलं आणि सोडून दिलं. चैत्रात जिथं चादर तासाभरात पापड होते तिथं ते आणलं असतं तर आईनं मला घरात घेतलं नसतं.

आता मुद्द्याचं. खाचांची चकती झिजली तरी ती बघून दुसरी करता येते. चिपमधला कार्यक्रम कारखान्यातच कायमचा छापलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. त्यात आपल्याकडचे बोर्ड ओलीपासून आणि उंदरांपासून वाचावेत म्हणून चिकट लेपात बुडवलेले असतात. आतला एखादा कपॅसिटर वाळला की दुरुस्ती करणारा बोर्ड उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "नवा टाका." नवा मिळत नाही. मशीन निघून २५ वर्षं झालेली असतात, कधी कंपनीच उरलेली नसते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा केवढा पसारा होता. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी त्या यंत्रांनी कपडे कसे धुतले, किती मिनिटं भिजवलं, किती वेळा उलट फिरवलं, हे शहाणपण जगात कुठं उरतं? भंगारात पडलेल्या त्या लेपातच. म्हणून मी चालू बोर्डाची मशिनं शोधतो आणि घड्याळ लावून एकेक कार्यक्रम वहीत उतरवतो: पाणी भरलं ४ मिनिटं, ढवळलं ९, थांबलं अर्धा, पुन्हा ढवळलं. तीन वह्या भरल्यात.

माझ्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं मशीन म्हणजे नव्वदीच्या अखेरचं एक टॉप लोड. कंपनीचं नाव सांगत नाही. त्याचा बोर्ड मूळचा आणि ठणठणीत होता. तसा दुसरा चालू बोर्ड मी आणि पुण्यातला माझा एक संग्राहक मित्र, दोघांनी मिळून पाच वर्षं शोधला. मिळाला नाही.

आणि त्याच मॉडेलचं एक मशीन आमच्या गावात २५ वर्षं रोज चालत होतं. उसाच्या बिलातून घेतलेलं. मालकीण सत्तरीच्या पुढची, नात्यानं माझी चुलत काकू. मागच्या वर्षी तिचा बोर्ड गेला. मी बाजारात मिळतो तो युनिव्हर्सल बोर्ड बसवून दिला. पैसे थोडे लागले, मशीन धुवायला लागलं. पंधरा दिवसांनी ती गोठ्यात आली. नव्या पॅनेलवरची बटणं चपटी, चिकटपट्टीसारखी. तिला मोतीबिंदू. बोट दाबलं की नाही तेच तिला कळत नव्हतं. जुन्या मशिनाची उंच बटणं तिला हातानं पाठ होती: डावीकडून तिसरं दोनदा, मग मोठं. आवाजावरून कळायचं की आता पिळतंय, आता पाणी सोडतंय. तिला वाचता येत नाही, हे मशीन ती ऐकून चालवायची. गोठ्यातल्या माझ्या मशिनाकडं बघून तिनं तो तिसरा प्रश्न विचारला.

"हे नुसतं हुबं हाय व्हय रं? मंग ह्याचं ते काढून माझ्यात घाल की."

पुण्याच्या मित्राला फोन केला तर तो चिडलाच. त्याचं म्हणणं मी इथं प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते हलकं नाही. काकूचं मशीन आज ना उद्या बंद पडणारच. तिथं ओल आहे, उंदीर आहेत, व्होल्टेज वर-खाली होतं. दोन वर्षांत हाही बोर्ड जाईल आणि मग असं मशीन जगात एकही नसेल. तिची गरज युनिव्हर्सल बोर्डानं भागते, फक्त सवय मोडावी लागेल. एका माणसाच्या सवयीसाठी पुढच्या सगळ्यांचं काहीतरी कायमचं खर्चून टाकायचं का? तो म्हणाला, "केळकरांनी असं केलं असतं तर म्युझियम झालं असतं का?"

मी केळकरांबद्दल बराच विचार केला. चष्म्याचं दुकान चालवणारे, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे दिनकर केळकर १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले आणि पुढं आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी २० हजारांवर वस्तूंचा संग्रह उभा केला. १९७५ मध्ये तो सरकारला देऊन टाकला. अडकित्ते, दिवे, भांडी, दारं. पण यातल्या बहुतेक वस्तू ज्या घरांतून आल्या तिथं त्यांचं काम संपत आलं होतं. वीज आल्यावर समई बाजूला पडली, मग ती म्युझियमकडं आली. समई लावून कुणी अभ्यास करत असताना ती उचलून आणली असती तर तिला मी संग्रह म्हणालो नसतो. माझ्या गोठ्यातलं मशीन मी कुणाच्या हातातून ओढून आणलेलं नव्हतं, हे खरं. पण ज्या क्षणी काकू दारात उभी राहिली त्या क्षणी ते 'काम संपलेलं' राहिलं नाही, असं मला वाटतं. वस्तूचं काम संपलं की नाही हे वस्तूकडं बघून ठरत नाही, दारात कोण उभं आहे ते बघावं लागतं.

यावर मित्राचा सवाल होता की उद्या दहा जण येतील, मग? नाही येणार. आणि आले तर दहांचा विचार करू.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कॉवन यांनी १९८३ मधल्या पुस्तकात दाखवलं होतं की घरकामाची यंत्रं आली म्हणून बायकांचं काम कमी झालं असं नाही. स्वच्छतेची अपेक्षा वाढली, कपडे जास्त वेळा धुतले जायला लागले, आणि तेही बाईनंच. आमच्या गावात मला हे रोज दिसतं. काकूच्या घरात पाच गडी. एकाही गड्याला 'डावीकडून तिसरं' माहीत नव्हतं. त्या मशिनाबद्दलचं घरातलं सगळं ज्ञान एकट्या तिच्या बोटांत होतं. मग मी गोठ्यात घड्याळ लावून वहीत काय उतरवत होतो? चिपनं काय केलं ते. चिपला काय करायला लावायचं हे ज्या बाईला पंचवीस वर्षं माहीत होतं तिचं एक वाक्यही माझ्या तीन वह्यांत नव्हतं. मूळपण जपायचं म्हणतो आपण, तर मूळ बोर्ड कुठल्या कुठल्या जागी असतो?

आमच्या भागात या प्रश्नाला जुनं उदाहरण आहे. धरण १९८० मध्ये पुरं झालं, गावं पाण्याखाली गेली. माणसांनी निघताना तुळया, चौकटी, जाती, पाटे-वरवंटे गाडीत भरले. ते आठवण म्हणून नव्हे, नव्या घरात लागणार म्हणून. पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचं जुनं मंदिर आजही पाण्यात आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात, फोटो काढतात. पण देव तिथं नाही. तो लोकांनी नव्या गावात नेला, जिथं रोज पाणी घालायला माणूस आहे. शिल्प तिकडं, पूजा इकडं. मला दोन्ही बरोबर वाटतात, पण क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी देव हलवला, शिल्प नंतर उरलं.

आणि मृतसाठा. उजनीची टक्केवारी शून्याच्या खाली जाते याचं बाहेरच्यांना हसू येतं. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात मोडतं. टक्के मोजायचे ते त्याच्या वरचे. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी वजा ३०', 'वजा ४०' अशा बातम्या येतात. २०२४ मध्ये ती वजा ६० च्या जवळ गेली होती. कागदावर मेलेलं ते पाणी आम्ही प्यालो, ऊस आणि केळी त्यावरच तगल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा साठा हिशेबात मृत आहे, त्याला हात लावू नका. तो कमी होतोय याची भीती सगळ्यांना होती आणि तरी मोटारी पुढं सरकवत होतो. दोन्ही एकदम.

मी बोर्ड काढला. काढायच्या आधी आठ दिवस घेतले. आठही कार्यक्रमांचे व्हिडिओ केले, रिले कधी वाजतो त्याचा आवाज वेगळा भरला, लेपासकट बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले आणि सगळं मित्राला पाठवलं. तो अजून नीट बोलत नाही. मग काकूकडं जाऊन तिला मशिनाजवळ बसवलं आणि चौथी वही काढली. ती सांगत गेली: गड्यांच्या शेतातल्या कपड्यांना आधी बादलीत भिजवायचं, मशीन कितीबी शाणं असलं तरी. चादर एकटीच घालायची, दुमडून न्हाई, गोल बसवून. वाळल्यागत 'टक' आवाज आला की झाकण उघडायचं न्हाई, त्ये अजून इचार करतंय. 'फझी'ची यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

बोर्ड बसवला, तळाला उंदरांसाठी नवी जाळी लावली, अर्थिंग नीट केलं. तिच्या थोरल्या मुलाला समोर उभं करून 'डावीकडून तिसरं' दाबायला लावलं. त्यानं दाबलं, चेहरा तिकडं फिरवून.

गोठ्यातल्या मशिनात आता बोर्डाच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. त्यावर मॉडेल नंबर, तारीख आणि बोर्ड कुठल्या घरात चालू आहे ते लिहिलंय. काकूला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी गेल्यावर घिऊन जा तुझं. सुनंला सांगून ठिवते." मग जरा थांबून, "पण तिला लागलं तर?"