पुंडलिकाला विसावा कोण देणार?

सेवेइतका गोड शब्द आपल्या भाषेत क्वचित सापडेल, आणि इतका सोयीचाही. घरात कुणी अंथरुणाला खिळले म्हणजे पहिले चार दिवस साऱ्यांचीच धावपळ होते. मग एकेकाला आपापली कामे आठवतात आणि अखेर पलंगापाशी एकच माणूस उरते. बहुधा ती सून असते, नाहीतर लग्न राहून गेलेली मुलगी. तिला कुणी निवडलेले नसते. इतर उठून गेले, ती गेली नाही, एवढेच.

आमच्या नागपुरात, महालातल्या एका जुन्या वाड्यात, अशी एक बाई आहे. सासूला अर्धांगवायू होऊन नऊ वर्षे झाली. रात्री दोन-दोन तासांनी कूस पालटून द्यायची, भरवायचे, धुवायचे. मे महिन्यात वीज गेली की हाताने वारा घालीत बसायचे. शेजारणी म्हणतात, ‘‘वहिनी, तुमचं पुण्य मोठं!’’ आणि आपापल्या घरी जातात. वर्ध्याहून भाऊ भाऊबिजेला येतो, ओवाळणी टाकतो, संध्याकाळच्या गाडीने परततो. माहेरचे अंगण मात्र तिने नऊ वर्षांत पाहिलेले नाही.

तिला विसावा देणे हे कुणाचे कर्तव्य? असा प्रश्न काढला की लगेच उत्तर येते : मोबदला आला की सेवा बाटली. मला हे पटत नाही. मी शाळेत शिकवतो आणि पगार घेतो. म्हणून मुलांवरची माझी माया भाड्याची ठरते काय? सेवा पवित्र आहे हे खरे. पण ती एकट्यानेच केली पाहिजे, असे कोणत्या धर्माने सांगितले आहे?

वर्गात पुंडलिकाची कथा सांगत असताना एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, देव विटेवर नुसताच उभा का राहिला? आईबाबांचे पाय त्याने घटकाभर चेपले असते, तर पुंडलिक जेवून तरी आला असता!’’ वर्ग हसला. पण आपण सारे असेच विटेवर उभे आहोत, कमरेवर हात ठेवून, कौतुकाने पाहत.

सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या मुलांची व आजारी-म्हाताऱ्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. त्या स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी १४० मिनिटे, त्या पुरुषांचा ७४. कायद्याकडे पाहावे, तर २००७ च्या कायद्याने वृद्ध आईबापांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. मनिऑर्डर करणारा मुलगा त्यात दिसतो. कूस पालटणारी सून दिसत नाही. अपंगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशांच्या बाबतीत, काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण तोही सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत.

श्रीमंत देशांतही ही दृष्टी सहज आली नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता मिळू लागला, पण विवाहित स्त्रियांना तो नाकारला होता. कारण काय, तर त्या एरवीही घरीच असणार! जॅकलिन ड्रेक यांनी आजारी आईसाठी नोकरी सोडली होती. त्या भांडल्या, आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाने तो भेद बेकायदा ठरवला. ‘ती घरीच तर असते’ हे वाक्य आपल्याकडेही किती घरांत कायद्यासारखे चालते!

सरकारने भत्ता द्यावा, आणि त्याहून अधिक म्हणजे महिन्यातून चार दिवस बदली माणूस द्यावे. परिचारिकेने घरी येऊन पाठीचे व्रण पाहावेत. हे उपकार नव्हेत; तिच्या जागण्यावर वाचलेल्या इस्पितळाच्या खाटेचे ते देणे आहे. पण सरकार येईपर्यंत शेजार आहे, भावंडे आहेत. या दिवाळीत अशा घरी फराळाचे ताट न्याल, तेव्हा ते ठेवून लगेच परत फिरू नका. औषधांच्या वेळा विचारून घ्या, आणि म्हणा, ‘‘तुम्ही दोन दिवस जाऊन या. मी बसतो.’’